टेपचं दुसरं टोक धरणाऱ्या मंडळींना

प्रति,
दापोली तालुक्यातले सर्व गवंडी, सुतार, सेंट्रिंगवाले, पत्रेवाले, प्लंबर आणि या सगळ्यांची मोट बांधून घर उभं करणारे ठेकेदार

स. न. वि. वि.

मंडळी, मी तुमच्याच तालुक्यातला. एस.टी.त ३१ वर्षं हिशेबाच्या टेबलावर काढली, बिऱ्हाड डोंबिवलीत, म्हणजे चाकरमानीच. निवृत्त झाल्यापासून वर्षातले पाच-सहा महिने गावच्या घरी असतो. हे पत्र उघडं लिहितोय, कारण जे सांगायचंय ते एका मिस्त्रींच्या कानात सांगून भागणारं नाही. आणि त्यातलं निम्मं आम्हा घरमालकांनीही ऐकायला हवं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं किनाऱ्यावर चढलं तेव्हा मी डोंबिवलीत अडकलेलो. लॉकडाऊन. गावी आई आणि धाकटा भाऊ. दुपारी भावाचा फोन लागला, त्यात त्याच्यापेक्षा वाऱ्याचाच आवाज मोठा. मग चार दिवस काही नाही. चौथ्या दिवशी तो रेंज शोधत सड्यावर चढला आणि तिथून त्यानं सांगितलं की मागच्या पडवीचे पत्रे शेजारच्या आमराईत जाऊन पडलेत, माजघरावरची अर्धी कौलं चुरा झालीत, पण आई कोरडी आहे. कोरडी कशी? तर दुसऱ्या दिवशी सकाळी, रस्त्यावरची झाडं अजून तशीच आडवी असताना, आमचे मिस्त्री खांद्यावर ताडपत्री घेऊन चालत आले. कोणी बोलावलं नव्हतं. वाशांवर चढले, ताडपत्री ताणली, सुंभानं बांधली, चहा प्यायले आणि पुढच्या घरी गेले. पैशांचं नाव नाही.

त्या वर्षी पत्रे मिळत नव्हते, मिळाले तर भाव चढलेले, हुक-बोल्टसाठीसुद्धा लोक तासन्‌तास उभे. बाहेरची माणसं लॉकडाऊनमुळे आपापल्या मुलखात गेलेली. अशा वेळी आमच्या वाडीतली घरं पावसाआधी झाकली गेली ती तुम्हा मंडळींमुळे. हे आधी लिहितो, कारण पुढे मी जे लिहिणार आहे ते वाचून कोणाला वाटू नये की हा मुंबईकर शिव्या द्यायला बसलाय.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर मागची बाजू पाडून दोन खोल्या, न्हाणी आणि वर स्लॅब असं काम काढलं. काम अर्थात त्याच मिस्त्रींना. दर विचारला. म्हणाले, "काका, तुमच्याकडून जास्त काय घेणार? लेबर २८० रुपये फूट. सामान तुमचं." मी म्हटलं, ठरलं. हातात हात दिला, आईनं साखर ठेवली.

काम चांगलं झालं, हेही आधीच सांगून टाकतो. वाळूची पहिली गाडी आली तेव्हा मी समोर उभा होतो. मिस्त्रींनी मूठभर वाळू उचलली, बोटांत चोळली, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि थुंकले. "खारट हाय. खाडीतली. परत न्या." ड्रायव्हर वाद घालत राहिला, मिस्त्री ऐकेनात. गाडी परत गेली. ज्यांना हे नवीन असेल त्यांच्यासाठी सांगतो. खाडीच्या वाळूतलं मीठ सिमेंटला फारसं काही करत नाही, ते आतल्या लोखंडाला खातं. सळई गंजली की फुगते, फुगली की स्लॅबचा पोपडा खाली. किनाऱ्यावरच्या पंधरा-वीस वर्षांच्या कितीतरी घरांत पंख्याच्या हुकाभोवती उघडी पडलेली तांबडी सळई दिसते, तिचं कारण बरेचदा असल्या एखाद्या न परतवलेल्या गाडीत असतं. मुंबईचा कुठला कंत्राटदार वाळू चाखणार आहे?

मे महिन्यात मोजायला बसलो.

मिस्त्रींनी टेपचं एक टोक धरलं, मी दुसरं. मागची बाजू २० बाय ३०. माझं टोक मी भिंतीच्या बाहेरच्या कडेला लावलं आणि म्हटलं, ६०० फूट. मिस्त्री गच्चीवरून म्हणाले, "काका, वर या." वर गेलो. पागोळ्या भिंतीवर येऊ नयेत म्हणून स्लॅब तीन बाजूंनी दीड-दीड फूट बाहेर काढलेला. चौथी बाजू जुन्या घराला चिकटलेली. त्यांनी टेप स्लॅबच्या टोकाला लावली. साडेएकवीस बाय तेहेतीस. ७०९ फूट आणि वर अर्धा. "सेंट्रिंग तर इथवर केलंय ना? सळई इथवर बांधलीय ना?" मला उत्तर नव्हतं. आणि खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात ६०० सुद्धा नव्हतेच. इतकी वर्षं शहरात राहिल्यानं माझ्या मनातलं फूट म्हणजे आतून आतलं कार्पेट, ते भिंती वगळून पाचशेच्या आसपास भरत होतं.

एकच घर, एकच टेप, आणि आकडे तीन. ६०० आणि ७०९.५ यांतला फरक १०९.५ फूट. २८० नं गुणा. ३०,६६० रुपये.

दोघांपैकी कोणी लबाड नव्हतं. पण दोघांनाही क्षणभर समोरचा लबाड वाटला, आणि तो क्षण काही पुसता आला नाही. ६०० फुटांच्या पैशांवर वरचे म्हणून मी पाकिटात १५,००० रुपये घालून दिले. मिस्त्रींनी ते न मोजता खिशात टाकले. त्यांनी ते मोजले असते, भांडले असते, तर बरं झालं असतं. त्या वर्षी गणपतीत ते आरतीला आले, पण दरवर्षी ज्यांच्या हातून झांज सुटत नाही त्यांनी झांज उचललीच नाही. खांबापाशी उभे राहिले आणि प्रसाद घेऊन निघाले.

३१ वर्षं मी लोकांच्या डिझेलचे आणि टायरचे हिशेब लिहिले, त्या माणसानं स्वतःच्या घराचा दर कागदावर घेतला नाही. का घेतला नाही? मिस्त्रींवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल म्हणून. डोंबिवलीत स्वयंपाकघर नव्यानं केलं तेव्हा त्या ठेकेदाराशी चार पानांचा कागद केला होता. बिजागरी कुठल्या कंपनीची, ओट्याच्या दगडाची जाडी किती, सगळं लिहिलेलं. काम संपलं, पैसे दिले, आज त्याचा चेहराही आठवत नाही. म्हणजे ज्याच्याशी पुन्हा कधी गाठ पडणार नाही त्याच्याशी आम्ही चोख वागतो, आणि ज्याच्या खांद्यावरून आमच्या बापाची तिरडी गेली त्याच्याशी "बघू हो नंतर". भीड भिकेची बहीण म्हणतात. आमच्या वाडीत तिनं किती घरांतलं बोलणं तोडलंय ते मोजायला बसलो तर टेप पुरायची नाही.

माझी विनंती एवढीच की काम सुरू करायच्या आधी आपण दोघांनी मिळून मोजायचं आणि ते लिहायचं. त्याला करारनामा म्हणू नका. करारनामा म्हटलं की आपल्याकडे लोकांना तहसील, वकील आणि स्टँप आठवतो. चिठ्ठी म्हणा. शाळेच्या वहीचं दुरेघी पान पुरतं. मधे कार्बन, दोन प्रती, दोघांच्या सह्या, आणि दोघांच्या फोनमध्ये फोटो. त्यावर घराचा आराखडा हातानं काढायचा, सुबक नसला तरी चालेल, आणि ज्या भागाचं फूट धरायचं तो पेन्सिलीनं रेघोट्या मारून भरायचा. पडवी धरली का? जिना? टाकीखालचा स्लॅब? छज्जा? माझं मत विचाराल तर भिंतीबाहेर आलेला छज्जा अर्धा धरावा. सेंट्रिंग आणि सळई लागते हे खरं, पण त्याखाली ना भिंत, ना गिलावा, ना फरशी. तुमचं मत वेगळं असेल तर ते लिहा, हरकत नाही. लिहिलेलं असलं म्हणजे झालं.

गिलाव्याचंही तेच. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या घरी या एका गोष्टीवरून आवाज चढतो की खिडकी-दरवाजा वजा करायचा की नाही. मालक म्हणतो, भोकाला कसले पैसे? मिस्त्री म्हणतात, भोकाच्या चार कडा काय तुमच्या भावानं केल्या? गंमत अशी की याचं उत्तर सरकारदरबारी कधीच लिहून ठेवलेलं आहे. मोजमापाचं भारतीय प्रमाणक आहे, आय.एस. १२००. त्यात गिलाव्यासाठी सांगितलंय की अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा करायचंच नाही. अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंतचं असेल आणि भिंतीला दोन्ही बाजूंनी सारखाच गिलावा असेल, तर एकाच बाजूनं वजा करायचं, दुसऱ्या बाजूचं सोडायचं, आणि कडांचे वेगळे पैसे मागायचे नाहीत. तीनच्या वर गेलं की दोन्ही बाजूंनी वजा आणि कडा वेगळ्या मोजायच्या. आपल्याकडची ४ बाय ४ ची खिडकी म्हणजे दीड चौरस मीटर, ३ बाय ७ चा दरवाजा म्हणजे दोनच्या आत. म्हणजे घरातली जवळजवळ सगळी भोकं मधल्या नियमात बसतात. एका बाजूनं वजा, दुसऱ्या बाजूनं नाही. दोघांचंही अर्धं बरोबर होतं! हे मला ३१ वर्षं हिशेब करूनही ठाऊक नव्हतं, भांडण झाल्यावर शोधलं.

चिऱ्याचं बांधकाम नगावर असतं तिथे हा घोळ कमी. चिरे मोजता येतात, तुटलेले बाजूला काढता येतात. जुन्या लोकांनी नगाचा हिशेब का धरला असेल ते आता कळतं.

सामान मालकाचं असलं तरी ते वापरता तुम्ही, म्हणून दोन शब्द त्यावर. आपल्याकडे स्लॅबला अजूनही सरसकट एक-दीड-तीनचा माल चालतो, एक भाग सिमेंट, दीड वाळू, तीन खडी, म्हणजे एम-२० ताकदीचं काँक्रीट. काँक्रीटचं प्रमाणक, आय.एस. ४५६, किनाऱ्यावरच्या उघड्या हवेला कडक वर्गात टाकतं आणि तिथे किमान एम-३०, म्हणजे त्याहून ताकदीचं काँक्रीट सांगतं, सळईवर ४५ मिलिमीटरचं कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर सांगतं. आणि आपण काय करतो? खडीचा एक तुकडा सळईखाली सरकवतो, तो माल ओतताना कोणाच्या तरी पायानं निसटतो, आणि सळई थेट सेंट्रिंगच्या प्लेटेवर बसते. सिमेंटचे कव्हर ब्लॉक बाजारात मिळतात, साइटवर सुद्धा ओतता येतात. एका घराला लागतील तेवढ्यांचा खर्च एखाद्या नळाच्या तोटीएवढा. मालक आग्रह धरत नाही कारण त्याला ठाऊक नसतं. तुम्हाला ठाऊक आहे.

पाण्याचंही सांगतो. ५० किलोच्या गोणीला २५ लिटरच्या आसपास पाणी पुरतं. मिक्सरवरचा पोरगा माल सरसर उतरावा म्हणून बादली उलटी करतो, आणि आपण सगळे तिकडे बघत नाही कारण उन्हं चढलेली असतात आणि स्लॅब संध्याकाळच्या आत संपवायचा असतो. जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि जाताना आत बारीक भोकं ठेवून जातं. त्याच भोकांतून पुढे खारा वारा आत शिरतो.

आणि ओतून झाल्यावर पाणी मारायचं कोणी? यावर तर मी बायकोशी भांडलोय. मिस्त्री समजतात की मालक मारेल, मालक समजतो की ठेकेदाराचा माणूस येईल. आपल्याकडे स्लॅब पडतात मार्च-एप्रिलमध्ये, विहिरी तळाला गेलेल्या असताना. वरती वाफे करून किमान दहा दिवस पाणी साठवायचं असेल तर टँकर लागेल, त्याचे पैसे कोणाचे, हेही चिठ्ठीवर हवं. आमच्याकडे सेंट्रिंगवाला नवव्या दिवशी प्लेटा आणि टेकू न्यायला आला, कारण त्याला दुसरीकडे स्लॅब होता आणि भाडं दिवसावर चालू. साडेचार मीटरच्या आतल्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवसांनी निघू शकतात, पण बीमखालचे चौदा दिवस तरी राहायला हवेत. तोही हिशेब साध्या सिमेंटचा. आताचं राख मिसळलेलं पीपीसी सिमेंट सावकाश धरतं, त्याला आणखी सवड द्यावी लागते. मी बीमचे टेकू काढू दिले नाहीत, तो बडबडत गेला. पाच दिवसांचं जादा भाडं मी दिलं, आनंदानं दिलं. पण ते आधीच धरलेलं असतं तर त्यालाही दोन खेपा पडल्या नसत्या.

सळईचं वजन तपासायला मात्र काही कोणाला विचारावं लागत नाही. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, आला मीटरचा किलो. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई साधारण १०.६६ किलो भरते. दुकानदारांचं आणि काही ठेकेदारांचं कमिशन असतं हे गावात सगळ्यांना माहीत आहे. माझी त्याला हरकत नाही, तुमच्या ओळखीवर दुकान चालतं तर त्याचा वाटा तुम्हाला मिळावा. पण तो झाकून घेऊ नका. "काका, या दुकानात माझे दोन रुपये आहेत" असं कोणी म्हणालं तर मी त्याच दुकानात जाईन.

आता तारखा. पाऊस आपल्याकडे तीन-साडेतीन हजार मिलिमीटर, तोही चार महिन्यांत. म्हणजे बांधकामाचा हंगाम दसऱ्यापासून मृग लागेपर्यंत. या आठ महिन्यांत एकेक ठेकेदार सहा-सहा घरं घेतो, सगळीकडून उचल घेतो, आणि सहा घरांना मिळून दोन गवंडी. आज इकडे एक थर, उद्या तिकडे एक थर. "उद्या येतो" हे आपल्या तालुक्यातलं सर्वांत जास्त बोललं जाणारं वाक्य असावं. मला कळतं की तुम्ही हे हावेनं करत नाही. एक मालक पैसे देत नाही म्हणून दुसऱ्याची उचल घ्यावी लागते, दुसऱ्याची तिसऱ्याच्या सिमेंटमध्ये जाते. पण ज्याच्या घराचं छप्पर उघडं आहे त्याला निदान खरं सांगा. "फेब्रुवारीच्या आधी हात लागणार नाही" असं म्हणालात तर मी थांबेन. दिवाळीला म्हणून एप्रिल उजाडला की मी गवंड्यांच्या दुसऱ्या टोळीला फोन करतो, आणि मग तुम्ही म्हणता की चाकरमानी बाहेरच्यांना कामं देतात.

बाहेरच्यांचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकू. आजकाल सभांमधून ऐकू येतं की कामं स्थानिकांनाच द्या. मला मान्य आहे. पण स्थानिक म्हणजे कोण? आमच्या घराचा ठेका गावातल्या माणसाचा, चिरे लावणारी माणसं विजापूरकडची, सेंट्रिंगवाले उत्तर प्रदेशातले, फरशीवाला राजस्थानचा. आपली पोरं ओळंबा धरायला तयार नाहीत, ती पनवेलला गोदामात आठ तास उभी राहतात. त्यामुळे आडनावावरून स्थानिक ठरवायला गेलं तर एक भिंत उभी राहणार नाही. माझ्यापुरता स्थानिक म्हणजे ज्याचं घर मला सापडतं. छप्पर गळलं तर ज्याच्या दारात जाऊन मी उभा राहू शकतो, आणि ज्याचे पैसे अडकले तर जो माझ्या दारात येऊ शकतो.

त्याचं दुसरंही कारण आहे. आमच्या वाडीच्या टोकाला एकांनी पुण्याहून माणसं आणून बंगला बांधला. देखणा. सपाट गच्ची, चारी बाजूंनी कठडा, पन्हळी भिंतीच्या आत लपवलेल्या, बाहेरून पाइप दिसत नाही म्हणून मालक खूश. पहिल्याच आषाढात आंब्याच्या पानांनी पन्हळी भरल्या, गच्चीचं तळं झालं आणि पाणी जिन्यावरून दिवाणखान्यात उतरलं. पुण्याचा ठेकेदार फोन उचलेना. शेवटी गावातल्याच पत्रेवाल्यानं गच्चीवर उतरता पत्रा टाकून दिला. आता तो बंगला टोपी घातलेल्या साहेबासारखा दिसतो. पाऊस कुठून मारतो, नैऋत्येच्या भिंतीला पडवी का लागते, कुठल्या खाणीचा चिरा दोन पावसांत झिजतो, हे तुम्हाला माहीत आहे, आणि त्याचा भाव तुम्ही लावत नाही. लावा. पण लावताना सांगून लावा.

मालकांनो, आता आपल्याबद्दल, आणि यात मीही आलो. आपण काम सुरू करून मुंबईला जातो आणि फोनवर फोटो मागवतो. फोटो बघून संगणकातल्या इंजिनीअर भाच्याला दाखवतो, तो म्हणतो खिडकी डावीकडे हवी होती. भिंत लिंटेलपर्यंत, म्हणजे खिडकी-दरवाजावरच्या तुळईपर्यंत आलेली असते. मिस्त्री गुपचूप पाडतात, पुन्हा लावतात, आणि ते पैसे मागायची त्यांना लाज वाटते म्हणून कुठेतरी दुसरीकडे धरतात. मग आपल्याला वाटतं फसवलं. शनिवारी मजुरांची खर्ची असते हे आपल्याला माहीत असतं, तरी "पगार झाला की टाकतो" म्हणून आपण दहा तारीख सांगतो. गणपतीआधी रंग व्हायलाच हवा असा हट्ट धरतो, श्रावणात ओल्या भिंतीला रंग लावायला लावतो आणि दिवाळीत पोपडे आले की मिस्त्रींच्या नावानं बोटं मोडतो. आमच्या वाडीतले एक ठेकेदार आहेत, त्यांचे तीन घरांकडे पैसे अडकलेत. तिन्ही घरं बंद. मालक येतात ते मे महिन्यात लग्नाला, नाहीतर गणपतीला. पाहुण्यांनी भरलेल्या घरात, मखरासमोर, पैसे कसे मागायचे? ते तीन वर्षं आरतीला जातात आणि परत येतात. भीड काही एकट्या मालकांची नाही.

पैशांची पद्धत मला सुचते ती अशी. उचल सामान आणायला नाही, फक्त माणसं जमवायला, थोडी. मग जोतं, लिंटेल, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांवर, टप्पा मोजून झाला की तीन दिवसांत पैसे. आणि शेवटचे पाच टक्के मालकाकडे ठेवायचे ते अनंत चतुर्दशीपर्यंत. तोवर पाऊस सगळीकडून मारून झालेला असतो, गळायचं ते गळलेलं असतं. गळलं तर तुम्ही येऊन दुरुस्त करा, नाही गळलं तर विसर्जन करून आल्यावर पाकीट तुमच्या हातात. पण मालकांनो, हे पाच टक्के बुडवायला ठेवलेले नाहीत हेही चिठ्ठीवर लिहा.

तुमच्या हाताखालच्या माणसांबद्दल एक गोष्ट. बांधकाम कामगार मंडळात नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. पोरांच्या शिक्षणाला मदत, अपघात झाला तर आधार, हे त्या नोंदणीवर मिळतं. दाखला मागितला की बरेच ठेकेदार टाळतात, सही केली की काहीतरी अंगावर येईल अशी भीती. तुमच्याकडे राबलेल्या माणसाला तुम्ही नाही तर कोण दाखला देणार? आणि ओल्या पत्र्यावर आडवी फळी टाकल्याशिवाय कोणाला चढवू नका. मागच्या पावसाळ्यात एक जण घसरला. नशीब, खाली गवताची उडवी होती.

कायद्याचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं. आपल्याच जागेत आपण बांधलेल्या घराला महारेरा लागत नाही, ते बिल्डरांच्या प्रकल्पांसाठी. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये घरबांधणी ही सेवा धरलेली आहे, मालकाला दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येतं. माहीत असावं म्हणून लिहिलं. ३०,६६० रुपयांसाठी मी मिस्त्रींवर केस केली असती का? मेलो तरी नाही. म्हणूनच तर चिठ्ठी.

आमच्याकडे विहिरीकडची जुनी न्हाणी पाडून नवी करायची आहे आणि गोठ्यावरचा पत्रा बदलायचाय. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजता मी अंगणात असेन. तीस मीटरची टेप, दुरेघी वही आणि कार्बन घेऊन. ज्यांना काम हवंय त्यांनी यावं, सगळ्यांनी मिळून मोजू, मग प्रत्येकानं आपला दर सांगावा. चहा-पोहे आहेत. मिस्त्री, तुम्हीही या. दुसरं टोक धरायला माणूस लागेलच.

आपला,
मागच्या आळीतला चाकरमानी

ता. क. – छज्जा अर्धा धरला तर मागच्या कामाचे वरचे १५,३३० रुपये होतात. मी पाकिटात १५,००० घातले होते. ३३० रुपये माझ्याकडे निघतात, ते सुट्टे करून ठेवलेत.